पाल, बेडूक आणि न सापडलेला सॅलॅमँडर
(घराभोवतीच्या व तळ्यातील प्राण्यांची ओळख)



या स्मृतिव्याख्यानमालेत बोलण्यासाठी संस्थेने मला पाचारण केले, याबद्दल मी मनःपूर्वक ऋणी आहे. ज्यांच्या स्मरणार्थ ही माला चालते त्या गुरुजींच्या हाताखालीच मी विज्ञान शिकविण्यास प्रारंभ केला. या व्यासपीठावरून यापूर्वी शिक्षण, भाषा, खानदेशातून उधन्यात येऊन स्थिरावलेल्या कुटुंबांची वाटचाल अशा विषयांवर अधिकारी वक्ते बोलले आहेत. मी मात्र आज पाल, सापसुरळी, बेडूक अशा क्षुद्र मानल्या गेलेल्या जिवांविषयी चार शब्द सांगणार आहे. विषय लहान आहे खरा; परंतु त्यापायी मी एकदा वर्गासमोर खजील झालो आणि एकदा एका घरातला कर्ता माणूस गेलेला पाहिला. म्हणून तो मला लहान वाटत नाही.

१९७९ सालची गोष्ट. मी नुकताच पदवी घेऊन शाळेत रुजू झालो होतो. त्या काळी दिंडोलीच्या बाजूस शेते होती, डबकी होती, आणि पावसाळ्यात मुले शाळेत येताना काही ना काही पकडून आणीत. सातवीतील एका मुलाने एके दिवशी डालड्याच्या डब्यात पाणी घालून एक प्राणी आणला. बोटाच्या पेराएवढा, चार पायांचा, लांब शेपटीचा. अंग ओलसर, डोके बोथट. पाठ्यपुस्तकातील चित्र माझ्या डोळ्यांसमोर उभे राहिले आणि मी क्षणाचाही विलंब न लावता फळ्यावर लिहिले : ‘सॅलॅमँडर’. मुले हरखली. प्रयोगशाळेच्या संग्रहासाठी बरणी व फॉर्मॅलिन काढण्यास मी शिपायाला सांगितलेसुद्धा.

तेवढ्यात गुरुजी आले. त्यांनी डब्यात डोकावून पाहिले आणि विचारले, “सर, याचे कल्ले पाहिलेत का?” मी म्हणालो, “नाही.” “मग आजच औषधात घालू नका. चार दिवस थांबू या.” त्यांनी एक परात मागविली, तीत थोडे पाणी घातले आणि मधोमध अर्धी वीट ठेवली. पाचव्या दिवशी सकाळी त्या विटेवर एक इवलासा बेडूक बसला होता. शेपटीच्या जागी काळसर खुंट तेवढा उरला होता. गुरुजी हसले नाहीत, रागावलेही नाहीत. एवढेच म्हणाले, “ज्या फळ्यावर लिहिलेत, त्याच फळ्यावर, त्याच मुलांसमोर पुसा.” मी पुसले.

आजचे व्याख्यान म्हणजे त्या पुसलेल्या शब्दाचा खुलासा होय.

सॅलॅमँडर म्हणजे कोण?

पाण्यात जन्म आणि पुढे बहुधा जमिनीवर वास, असे दुहेरी जीवन जगणाऱ्या प्राण्यांना आपण उभयचर म्हणतो. त्यांची तीन घराणी आहेत. पहिले बेडकांचे : मोठेपणी शेपूट नाही, मागचे पाय उड्या मारण्याजोगे. दुसरे सॅलॅमँडरांचे : चार पाय आणि जन्मभर शेपूट. तिसरे देवगांडुळांचे : पायच नाहीत. बेडकांच्या जाती जगात सात हजारांहून अधिक आहेत, सॅलॅमँडरच्या सुमारे आठशे, तर देवगांडुळांच्या दोनशेंहून थोड्या अधिक.

सॅलॅमँडर दिसतो पालीसारखा. परंतु पालीशी त्याचे नाते दूरचे आणि बेडकाशी जवळचे. त्याच्या अंगावर खवले नसतात, बोटांना नखे नसतात, कानाचे छिद्र नसते. कातडी ओलसर असून त्या कातडीतूनही तो श्वसन करतो. म्हणून कोरड्या उन्हात तो फार काळ टिकत नाही. चीन आणि जपान येथील नद्यांत याच घराण्यातील महाकाय जाती आहेत. जपानमधील सॅलॅमँडर दीड मीटरपर्यंत वाढतो. मेक्सिकोतील सोचिमिल्को सरोवराचा रहिवासी ‘अॅक्सोलोटल’ हाही सॅलॅमँडरच. डोक्याच्या दोन्ही बाजूंस पिसांसारखे गुलाबी कल्ले असलेले त्याचे चित्र आपली नातवंडे आता मोबाइलवर पाहतात. इतर बहुतेक सॅलॅमँडर मोठे होताना कल्ले टाकतात. हा मात्र ते आयुष्यभर बाळगतो.

आपल्या देशात सॅलॅमँडर आहे, पण हिमालयाच्या पूर्व भागात व ईशान्येच्या डोंगरांत. गडद तपकिरी, खरबरीत अंगाचा, पाठीच्या दोन्ही बाजूंस गाठींची ओळ असलेला हा प्राणी पावसाळ्यात डोंगरातील तळ्यांवर अंडी घालण्यास येतो आणि थंडीत दगड-ओंडक्यांखाली पडून राहतो. या वर्गातील पहिल्या जातीचे वर्णन कलकत्त्याच्या संग्रहालयाचे जॉन अँडरसन यांनी १८७१ मध्ये चीनच्या युनान प्रांतातील नमुन्यांवरून केले. दार्जिलिंग व पूर्व नेपाळ येथील प्राणीही दीर्घकाळ त्याच नावाने ओळखले जात. २०१५ मध्ये ते वेगळे ठरून त्यांना हिमालयाचेच नाव मिळाले. दार्जिलिंगजवळील जोरपोखरी येथे १९८५ मध्ये या प्राण्यासाठी एक चिमुकले अभयारण्य करण्यात आले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचेही त्याला संरक्षण आहे.

मग तो आपल्याकडे का नाही? याचे उत्तर पृथ्वीच्या इतिहासात आहे. सॅलॅमँडरांचे घराणे उत्तरेकडील खंडांवर वाढले. भारताचा भूभाग त्या वेळी दक्षिणेकडील खंडांना जोडलेला होता. तेथून सुटून तो उत्तरेकडे सरकत आला आणि सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडला. पूर्वेकडील ओल्या डोंगरांतून सॅलॅमँडर हिमालयाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचला, पण तापलेली मैदाने ओलांडून दख्खनेत किंवा गुजरातेत उतरला नाही. तेव्हा उधन्याच्या मोरीत, टाकीत अथवा तळ्यात जो प्राणी सॅलॅमँडर म्हणून दाखविला जाईल, तो दुसराच कोणी तरी असणार. तो कोण, हे शोधणे हाच आपला विषय.

ओळखण्याच्या खुणा

गुरुजींनी मला पुढे एक रीत शिकविली. प्राणी दिसताच नाव घ्यायचे नाही. आधी चार प्रश्न विचारायचे. हात न लावता, दोन हातांवरून पाहून उत्तरे मिळतात.

पहिला प्रश्न : पाय आहेत काय? चार पाय स्पष्ट दिसत असतील तर तो साप नव्हे. या एका प्रश्नाने निम्मी भीती संपते.

दुसरा प्रश्न : कातडी खवल्यांची व कोरडी, की उघडी व ओलसर? खवले असतील तर तो सरपटणाऱ्यांपैकी. उघडी कातडी असेल तर उभयचर.

तिसरा प्रश्न : पुढच्या पंजाला बोटे किती? पाल, सरडा, घोरपड यांना पाच बोटे आणि त्यांवर नखे असतात. बेडकाला पुढे चार बोटे व मागे पाच. आपल्या हिमालयातील सॅलॅमँडरचेही तसेच. नखे दोघांनाही नाहीत. घरातील पाल काचेच्या तावदानावर बसली म्हणजे आतून तिची बोटे मोजता येतात. मुलांना हा प्रयोग अवश्य करू द्यावा.

चौथा प्रश्न पाण्यातील पिलांसाठी : कल्ले बाहेर दिसतात काय, आणि आधी कोणते पाय फुटले? सॅलॅमँडरच्या पिलाला डोक्यामागे झुपकेदार कल्ले असतात व पुढचे पाय आधी येतात. बेडकाच्या पिलाचे कल्ले लवकरच कातडीच्या पडद्याआड जातात. पुढचे पायही त्याच पडद्याआड वाढतात, म्हणून आपल्याला मागचे पाय आधी दिसतात. मग पुढचे पाय बाहेर पडतात, आणि चार पाय व शेपूट एकाच वेळी अंगावर असण्याची मोजक्या दिवसांची अवस्था येते. माझ्या विद्यार्थ्याने डब्यात आणलेला प्राणी नेमका त्याच अवस्थेत होता. त्या दिवसांत पिलू काहीच खात नाही. शेपूट अंगात जिरवून त्यावर जगते. गुरुजींनी वीट ठेवली ती याकरिता, की फुप्फुसाने श्वास घेऊ लागलेल्या जिवाला बसण्यास कोरडी जागा नसेल तर तो पाण्यात बुडून मरतो.

घरातील मंडळी

आता भिंतीवरच्या पालीकडे वळू. तिला पापण्या नाहीत. डोळ्यावर पारदर्शक झाकण असते व ती ते जिभेने पुसते. बोटांखालील पट्ट्यांमुळे ती छतावरून चालते. भारतातील कोणतीही पाल विषारी नाही. अन्नात पाल पडली तर ते टाकून द्यावे हे खरेच. पण कारण विष नव्हे, तिच्या आतड्यातील व अंगावरील जंतू हे आहे. आपल्या पंचांगांतून पाल कोठे पडली असता काय फळ, याची कोष्टके छापली जात. यात आपणच तेवढे भोळे असे समजू नये. प्राचीन ग्रीक व रोमन लोक सॅलॅमँडर अग्नीत राहतो, आग विझवितो असे मानीत. ओलसर लाकडाच्या पोकळीत दडलेला जीव ते लाकूड चुलीत जाताच बाहेर धावे. बहुधा त्यावरून ही कथा उद्भवली असावी.

झाडांच्या कुंड्यांत, विटांच्या ढिगात, शाळेच्या कुंपणाशी चकचकीत अंगाची सापसुरळी असते. गुजराती बांधव तिला ‘सापनी मासी’ म्हणतात, आपणही काही भागांत सापाची मावशी म्हणतो. या नात्यानेच तिचा घात केला आहे. तिच्या एका जातीचे पाय फार आखूड असतात व पिलांची शेपटी लालभडक असते. गवतातून ती सळसळत गेली की पाय दिसतच नाहीत. तिच्यातही विष नाही. संकटात शेपटी तोडून देणे आणि पळणे, एवढेच तिचे शस्त्र.

सॅलॅमँडरशी गल्लत होण्याजोगी आणखी एक पाल गुजरात-महाराष्ट्राच्या खडकाळ माळांवर असते. जाड शेपटीची, ठिपक्या-पट्ट्यांची, संथ चालीची. हिला पापण्या असतात आणि ती भिंतीवर चढू शकत नाही. उत्तर हिंदुस्थानातून आलेली कामगार मंडळी अशा पालीला आणि घोरपडीच्या पिलाला ‘बिसखोपरा’ म्हणून भितात. ते भय निराधार आहे.

न्हाणीघरात रात्री भिंतीला चिकटलेला, सडपातळ, बोटांच्या टोकांना गोल गाद्या असलेला प्राणी हा झाडावरचा बेडूक. पाण्याच्या टाकीच्या कडेला किंवा पाण्यावर झुकलेल्या फांदीवर साबणाच्या फेसासारखा गोळा दिसला तर तो त्याचाच. त्या फेसात अंडी असतात व पिले खाली पाण्यात पडतात. अंगणातील दिव्याखाली किडे टिपणारा खडबडीत भेक मात्र हाताळल्यास हात धुवावेत. त्याच्या डोळ्यांमागील फुगीर ग्रंथींतून पांढरा विषारी स्राव येतो. कुत्र्याने त्याला तोंडात धरले तर तोंडाला फेस येतो. त्याला शिवल्याने चामखिळी उठतात ही समजूत मात्र खोटी आहे.

तळ्यातील मंडळी

डबक्याच्या काठाने चालताच पाण्यावरून टपटप उड्या मारीत जाणारा करडा बेडूक हा पाणबेडूक. पहिल्या दमदार पावसात पिवळाधमक होऊन, गळ्याचे निळे फुगे फुगवून ओरडणारा मोठा बेडूक म्हणजे नर रानबेडूक होय. एरवी तो हिरवट-तपकिरी असतो. रंग पाहून ती वेगळी जात समजू नये. अंडीही ओळख देतात : चिकट दोऱ्यातील काळ्या मण्यांची माळ भेकाची, फेसाचा गोळा झाडबेडकाचा.

खानदेशात पाऊस लांबला म्हणजे मुले धोंडी काढीत, बेडूक घेऊन दारोदार पाणी मागत. बेडकाचा पावसाशी संबंध पूर्वजांनी बरोबर हेरला होता. पुढे याच बेडकांचे पाय परदेशी पाठविणारा आपला देश झाला. भातखाचरांतील कीड खाणारे बेडूक पोत्यांनी जाऊ लागले, तेव्हा १९८७ मध्ये ही निर्यात बंद करण्यात आली. उधन्यातील डबकी बुजून त्यांवर घरे उभी राहिली, हे काळानुसार झाले. जी तळी उरली आहेत त्यांत हौसेने पाळलेले परदेशी मासे किंवा प्राणी आणून सोडू नयेत, एवढे तरी आपल्या हाती आहे. पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून एक बुरशी युरोपात पोहोचली आणि नेदरलँड्समधील अग्निसॅलॅमँडर जवळजवळ नाहीसे झाले. २०१३ मध्ये ती बुरशी शास्त्रज्ञांनी ओळखली, तोवर उशीर झाला होता.

पाय नसलेले

येथवर पाय असलेल्यांचे झाले. पाय नसलेल्यांबाबत मात्र माझा सूर बदलतो.

देवगांडूळ हे उभयचरांचे तिसरे घराणे. अंग ओलसर, कड्याकड्यांचे, डोळे बारीक, डोळा व नाकपुडी यांच्यामध्ये लहानशी स्पर्शिका. गांडुळाला जबडा नसतो, याला असतो. ते जमिनीखाली राहते आणि आपल्याकडील काही जातींत मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून त्यांची राखण करते. या प्राण्याच्या एका जातीला शास्त्रात मुंबईचे नाव आहे. पण एडवर्ड टेलर या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने १९६० मध्ये तिचे वर्णन केले ते आपल्या शेजारच्या डांगातील वघई येथील नमुन्यावरून. बिलीमोऱ्याहून छोटी गाडी जाते तेच वघई. त्याच वर्षी त्याने खंडाळ्याच्या दुसऱ्या एका देवगांडुळाचेही वर्णन केले. त्या खंडाळ्याच्या प्राण्याचे जवळचे आप्त आज हिंदी महासागरातील सेशेल्स बेटांवर आहेत. दक्षिणेकडील खंड एकत्र असल्याची ही जिवंत साक्षच. सॅलॅमँडर आपल्याकडे आला नाही. देवगांडूळ मात्र या भूमीबरोबरच आले.

कुंडीच्या मातीत सापडणारा, कोरड्या चकचकीत खवल्यांचा, दोन्ही टोके सारखी वाटणारा वाळा हा साप आहे, पण बिनविषारी. हे दोघे निरुपद्रवी असले तरी पाय नसलेल्या कोणत्याही प्राण्याला ओळखीच्या भरवशावर हात लावू नये, असे मी आपणांस निक्षून सांगतो. कारण याच घरांतून मण्यारही फिरते.

१९८६ च्या श्रावणात यंत्रमागाच्या खात्यात काम करणारा एक गृहस्थ, माझ्या वर्गातील मुलाचा पिता, रात्री खोलीत जमिनीवर निजला होता. कानामागे काही टोचले म्हणून तो उठला. दिवा लावला तेव्हा भिंतीवर पाल दिसली. “पाल चावली,” असे सर्वांनी ठरविले. हळद-चुना लावला आणि घर पुन्हा झोपले. मण्यारीच्या दंशाने बहुधा सूज येत नाही, फारशी वेदनाही होत नाही. पहाटे त्याच्या पापण्या उघडेनात, गिळता येईना. रुग्णालयात नेले तोवर श्वास मंदावला होता. दुपारी तो गेला. अंथरुणांच्या गठ्ठ्यामागे मण्यार सापडली ती त्यानंतर.

पुढल्याच आठवड्यात त्याच चाळीत एक सापसुरळी निघाली. माणसांनी तिला विटांनी ठेचली, आणि आपण साप मारला असे ती मानू लागली. जी विषारी होती तिला पाल म्हटले गेले. जी निरुपद्रवी होती तिला साप. त्या मुलाने माझ्या वर्गात सरपटणाऱ्या प्राण्यांची लक्षणे तोंडपाठ म्हणून दाखविली होती. पूर्ण गुण मीच दिले होते. भिंतीवर बसलेली पाल आणि अंथरुणात शिरलेली मण्यार यांतील भेद मात्र मी त्याला कधी दाखविला नव्हता. ही खंत माझ्याबरोबर आहे.

म्हणून दोन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. चार पायांचा प्राणी घरात दिसला तर झाडूने दार दाखवावे, मारू नये. आणि रात्री जमिनीवर निजलेल्या माणसाला काही टोचले व त्यानंतर पापण्या जड होणे, पोटात दुखणे, गिळण्यास त्रास असे काही होऊ लागले, तर चावणारा प्राणी दिसो वा न दिसो, तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे. जखम कापू नये, आवळून बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ दवडू नये. सर्पविषावरील लस हाच उपाय आहे. अंथरूण जमिनीऐवजी खाटेवर घालून मच्छरदाणी नीट खोचावी. मण्यारीपासून तीही मोठे रक्षण करते.

समारोपापूर्वी शाळेला एक विनंती करतो. पावसाळ्याच्या आरंभी प्रत्येक वर्गात एक वही ठेवावी. मुलांनी घराभोवती पाहिलेल्या प्राण्याची नोंद तीत करावी : पाय किती, कातडी कशी, बोटे किती, कोठे व कोणत्या दिवशी. नावाचा रकाना सर्वांत शेवटी ठेवावा, आणि खात्री नसेल तर तो मोकळा सोडण्याची मुलांना मुभा असावी. मोकळ्या रकान्यासाठी गुण कापू नयेत. दहा वर्षांत या वह्यांतून उधन्यात कोण राहते व कोण निघून गेले, हे आपल्याच मुलांच्या अक्षरात वाचता येईल.

गुरुजींनी मला चार दिवस थांबण्यास सांगितले होते. तेवढे थांबल्यामुळे एक बेडूक जगला आणि एक शिक्षक शिकला. त्यांच्या स्मृतीस मी वंदन करतो.